कपाटातले रजिस्टर : प्रेरणेचा कल ओळखून कामातील बदल कसा रुजवावा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी मनुष्यबळ विभाग सांभाळत असताना उत्पादनाची नोंद कागदी रजिस्टरातून टॅबवर नेण्याचा निर्णय झाला. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, टॅब पुरवणाऱ्याच्या माणसाने प्रत्येक लाइनवर उभे राहून नोंद करून दाखवली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीची फेरी मारताना एका जुन्या ऑपरेटरच्या कपाटात मला तेच बंद केलेले रजिस्टर सापडले. सगळी लाइन त्यांना मामा म्हणत असे. मामा टॅबवर नोंद करत होते आणि रोज रजिस्टरही भरत होते. मी ते रजिस्टर जप्त केले आणि मनातल्या मनात मामांना ‘बदलाला विरोध करणारे’ या रांगेत उभे केले.

पुढे महिनाअखेरीस डिस्पॅचचा हिशेब जुळेना, तेव्हा उलगडा झाला. प्रेसच्या एका स्ट्रोकला, म्हणजे एका दाबाला, दोन नग पाडणाऱ्या साच्यासाठीही टॅब एका स्ट्रोकला एकच नग धरत होता. माझ्या टेबलाच्या खणात पडलेल्या रजिस्टरात पहिल्या चार दिवसांतच ही तफावत लाल शाईने दाखवलेली होती. मामांना विचारले की तेव्हाच का सांगितले नाही, तर ते म्हणाले, “साहेब, आधी खात्री करायलो होतो. तेवढ्यात तुम्ही वही नेली.”

त्याच लाइनवर एक तरुण ऑपरेटर होता. टॅब आल्या दिवसापासून तो खूश होता. रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या नगांचा, आलेख कसा काढायचा हे त्याने कुणीही न शिकवता शोधून काढले आणि दुसऱ्या पाळीतल्या मुलांनाही दाखवले. दोन नगांची चूक मात्र त्याच्या ध्यानात आली नाही, कारण आकडा पडताळून पाहावा असे त्याला वाटलेच नव्हते. दोघांचे प्रशिक्षण एक, यंत्र एक आणि काम चांगले व्हावे ही इच्छाही एकच. तरीही एकाच बदलाशी दोघांनी अगदी वेगळ्या रीतीने जमवून घेतले. हा फरक बदलाची आखणी करतानाच कसा विचारात घ्यावा, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. लहान कारखाना, पतसंस्था, डाळ मिल, बियाणे कंपनी किंवा सरकारी कार्यालय यांपैकी कुठेही दहा-वीस माणसांचे काम पाहणाऱ्याला ते वापरता यावे, अशी अपेक्षा आहे.

आधी समजून घ्यायचे दोन कल

कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ई. टॉरी हिगिन्स यांनी १९९७ मध्ये केलेली मांडणी येथे फार उपयोगी पडते. माणूस सुखाकडे जातो आणि दुःख टाळतो, एवढ्याने प्रेरणेचा उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काही माणसांचे लक्ष काय मिळवता येईल याकडे असते. ती उत्साहाने पुढे सरसावतात आणि संधी हुकणे हीच त्यांना खरी हानी वाटते. काहींचे लक्ष जबाबदारी आणि सुरक्षितता यांकडे असते. ती सावधपणे चालतात, आपल्या हातून चूक घडू नये याला जपतात आणि असलेले टिकले की समाधान पावतात. या लेखात पहिल्याला मिळवण्याचा कल आणि दुसऱ्याला जपण्याचा कल म्हटले आहे.

बदलाशी याचा थेट संबंध आहे. निरा लिबरमन आणि हिगिन्स यांनी इतर सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घ्यायचे की त्याऐवजी नवे घ्यायचे, जवळ आलेली वस्तू ठेवायची की बदलून घ्यायची, असे पर्याय लोकांपुढे ठेवण्यात आले. जपण्याचा कल असलेली माणसे होते तेच धरून ठेवण्याकडे झुकली, तर मिळवण्याचा कल असलेली माणसे बदलाला अधिक तयार दिसली. मात्र यावरून जपणारा माणूस बदलाचा शत्रू असतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आहे ती सुरक्षितताच जाऊ लागली आणि ती परत मिळवायला बदलावाचून वाट उरली नाही, तर हाच माणूस इतरांपेक्षा मोठी जोखीम घेतो, असेही पुढील अभ्यासांत दिसले आहे. वाळूज परिसरात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे भारत स्टेज-६ चे निकष लागू झाले आणि दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा मोठ्या प्रमाणावर फ्युएल इंजेक्शनने घेतली. नवे भाग बनवले नाहीत तर मिळणारे कामच बंद होणार, हे स्पष्ट झाल्यावर एरवी नव्या साच्याला हात लावायला कचरणारे जुने फिटर सुट्टीच्या दिवशीही येऊन बसत होते.

मराठवाड्यात जपण्याचा कल अधिक ठळक दिसतो, असे माझे निरीक्षण आहे. त्याला मागासलेपण म्हणणे मात्र मला पटत नाही. आमच्या कारखान्यांतील पुष्कळ कामगारांची गावाकडे शेती आहे आणि तीही बहुतेक कोरडवाहू. एक पाऊस लांबला की बियाणे वाया जाते आणि कर्ज मात्र राहते, हे ज्याने घरात पाहिले आहे, तो कापसात तुरीची दोन तासे घालतो. कापूस गेला तरी तूर हाती लागावी, हा त्यामागचा हिशेब असतो. नवे वाण आले तर सगळ्या रानात न लावता तो ते आधी एकरभर लावून पाहतो. अशी माणसे नव्या गोष्टीला नकार देत नसतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने गेल्या दोन-तीन दशकांत केवढे तरी क्षेत्र सोयाबीनखाली आणले, ते काही बदलाला घाबरून नव्हे. अंगावर येणारे नुकसान आपल्याला सोसेल एवढेच असावे, एवढीच त्याची अट असते. हीच अट कामाच्या ठिकाणी आपण मान्य केली, तर अर्धे काम होते.

पहिली पायरी : बदलाने कुणाचे काय जाते ते लिहून काढा

बदलाची घोषणा करण्याआधी एक कागद घ्यावा आणि बदलाचा स्पर्श ज्यांना होणार आहे, त्यांची पदवार यादी करावी. प्रत्येकापुढे त्याला काय मिळणार आणि त्याचे काय जाणार, हे दोन रकान्यांत लिहावे. पहिला रकाना व्यवस्थापनाला सहज भरता येतो, कारण बदलाचा प्रस्ताव त्याच भाषेत आलेला असतो. दुसरा रकाना कोरा राहत असेल, तर आपण त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिलेले नाही, असे समजावे.

आमच्या टॅबच्या बाबतीत हा रकाना भरायला बसलो असतो तर काय निघाले असते? पाळी संपताना रजिस्टर भरण्यासाठी मिळणारी दहा मिनिटांची उसंत जाणार होती. साचा बदलायला लागलेला वेळ आणि यंत्र बंद राहिलेला वेळ यांची जी सोयीस्कर सांगड रजिस्टरात घातली जात असे, ती उघडी पडणार होती. यात सुपरवायझरचेही हितसंबंध होते. मामांसारख्या माणसाची तर प्रतिष्ठाच पणाला लागत होती, कारण कोणत्या साच्यातून दिवसाला किती माल निघतो हे विचारायला पूर्वी सगळे त्यांच्याकडे येत आणि आता तो आकडा पडद्यावर दिसणार होता. कंत्राटी मुलांना वेगळीच धास्ती होती. प्रत्येकाच्या नावाने नग मोजले जाऊ लागले की सर्वांत कमी नग काढणाऱ्याचे नाव आधी कमी होईल, असे त्यांच्या मनात होते.

यातल्या काही भीती निराधार असतात आणि काही अगदी खऱ्या असतात. बदलामुळे दोन माणसे कमी होणार असतील आणि ते ठरलेले असेल, तर कोणतीही प्रेरणेची भाषा ते झाकू शकत नाही. झाकण्याचा प्रयत्न केला तर पुढचे दहा बदल अवघड होऊन बसतात.

येथेच कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. कामाचे तास, पाळ्यांची रचना, भत्ते किंवा कामगार कपात होऊ शकेल अशी तंत्रातील सुधारणा, अशा ठरावीक बाबींत सेवाशर्ती बदलायच्या असतील तर बाधित कामगारांना सूचना द्यावी लागते आणि सूचनेपासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणता येत नाही. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती राखलेली आहे. पुष्कळ लहान मालक या २१ दिवसांकडे अडथळा म्हणून पाहतात. माझ्या मते जपण्याच्या कलाच्या माणसाला विचार करायला लागतो तेवढाच हा वेळ आहे आणि पुढच्या दोन पायऱ्या त्यातच बसवता येतात.

दुसरी पायरी : माणसाचा कल ऐकून ओळखा

यासाठी बाजारात मिळणाऱ्या प्रश्नावल्या वापरू नयेत, असे मी सांगेन. छापील कागदावर आपली चाचणी होत आहे असे कळले की माणूस साहेबाला आवडेल ते उत्तर लिहितो आणि जपणारा माणूस तर हमखास तसे करतो. त्याऐवजी चहाच्या वेळी, बसच्या रांगेत किंवा यंत्राजवळ उभे राहून दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तराचा रोख पाहावा. मागच्या वेळी नवे यंत्र आले तेव्हा काय झाले, हा माझा आवडता प्रश्न आहे. “लई शिकायला मिळालं, नंतर मला दुसऱ्या लाइनवर पण बोलावलं,” असे सांगणारा एक आणि “पहिल्या आठवड्यात बोट जाता जाता वाचलं, मग गार्ड लावून घेतला,” असे सांगणारा दुसरा. दोघेही खरेच बोलत असतात, फक्त आठवणीतून कोणती गोष्ट निवडून वर येते यावरून कल दिसतो.

चुकीनंतरची भावना ही आणखी खात्रीची खूण आहे. हिगिन्स यांच्या मांडणीनुसार मिळवण्याचा कल असलेल्याला अपयश आले की तो खट्टू होतो, त्याचा उत्साह मावळतो. यश आले की तो हरखतो. जपण्याचा कल असलेला माणूस अपयशाने अस्वस्थ होतो, त्याचा जीव टांगणीला लागतो. आणि यश आले तर आनंद न दाखवता तो सुटकेचा निःश्वास टाकतो. मोठी ऑर्डर वेळेत गेल्यावर पेढे आणायला धावणारा कोण आणि ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर शांतपणे खाली बसणारा कोण, हे प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक असते. त्याने फक्त त्याचा अर्थ लावायचा असतो.

मात्र हे शिक्के नाहीत. एकच माणूस घरच्या पैशाबाबत जपणारा आणि कामात धाडसी असू शकतो; मुलीचे लग्न ठरले की कालचा उत्साही कर्मचारीही वर्षभर सावध होतो. शिवाय कामही माणसाचा कल घडवते. गुणवत्ता तपासणी, लेखा आणि रोखपाल या जागांवर वर्षानुवर्षे बसलेला माणूस चूक शोधायलाच शिकलेला असतो आणि त्याने तसेच असावे. म्हणून कुणाच्या नोंदवहीत किंवा वार्षिक अहवालात हा कल लिहू नये आणि बढतीशी तर त्याचा संबंध मुळीच जोडू नये. आपण कुणाशी कोणत्या क्रमाने बोलायचे, एवढेच ठरवण्यासाठी ही माहिती आहे.

तिसरी पायरी : एकच बदल दोन भाषांत सांगा

माणसाचा कल आणि त्याला सांगण्याची रीत यांचा मेळ बसला की तेच काम त्याला अधिक योग्य वाटू लागते आणि तो त्यात अधिक जीव ओततो, हे हिगिन्स यांनी २००० मध्ये मांडले. व्यवहारात याची अडचण अशी की बदल आणणारा स्वतः बहुधा मिळवण्याच्या कलाचा असतो. तो सभेत उभा राहतो आणि प्रगती, वेग, नवे युग असे शब्द वापरतो. समोरच्या निम्म्या लोकांच्या मनात एवढाच प्रश्न असतो की चुकलो तर काय होईल आणि सभेत तो कुणीही विचारत नाही.

टॅबची सूचना आज लिहायची असती तर मी तिचे दोन भाग केले असते. पहिल्या भागात असे लिहिले असते : “टॅबवरील नोंदीमुळे प्रत्येक लाइनचे काम त्याच दिवशी दिसेल. रिजेक्शनचे कारण शोधणे सोपे होईल. ही पद्धत लवकर आत्मसात करणाऱ्यांना इतर लाइनवर शिकवण्याची संधी दिली जाईल.” दुसऱ्या भागात असे : “पहिले सहा आठवडे टॅब आणि रजिस्टर दोन्ही चालतील. या काळात नोंदीत झालेल्या चुकीसाठी कुणालाही मेमो दिला जाणार नाही. टॅब बंद पडल्यास कागदावर केलेली नोंद ग्राह्य धरली जाईल. आजवर ग्राहकाकडून माल परत आल्यावर दोष कोणत्या पाळीचा हे सिद्ध करता येत नव्हते. टॅबमुळे ज्याची चूक नाही त्याच्यावर आळ येणार नाही.”

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात बदल हाच संरक्षण म्हणून मांडला आहे. अर्थात ते खरे असले पाहिजे. नोंदीचा उपयोग पुढे माणसांना पकडण्यासाठीच होणार असेल, तर हे वाक्य लिहू नये. तसेच जपणाऱ्यांना हलवण्यासाठी खोटी भीतीही घालू नये. “हे केले नाही तर कारखाना बंद पडेल” हे वाक्य एकदा चालते, दुसऱ्यांदा लोक हसतात. एप्रिल २०२० ची तारीख खरी होती म्हणून तिने काम केले.

दोन्ही भाग एकाच सूचनेत आणि सर्वांसाठी असावेत. धाडसी मुलांना वेगळी चिठ्ठी आणि जुन्यांना वेगळी, असे केले की कॅन्टीनमध्ये दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या जातात. समोरासमोर बोलताना मात्र ज्याच्याशी बोलत आहोत त्याचा भाग आधी घ्यावा.

चौथी पायरी : जपणाऱ्यांना एकरभर रान द्या

नवी पद्धत सगळ्या कारखान्यात एकाच सोमवारी सुरू करण्याचा मोह टाळावा. एक लाइन, एक शाखा किंवा एक टेबल निवडावे आणि तेथे जपण्याच्या कलाचा किमान एक जाणता माणूस मुद्दाम घ्यावा. सर्वसाधारणपणे पहिल्या चाचणीसाठी उत्साही माणसेच निवडली जातात. चाचणी यशस्वी होते आणि नंतर ती पसरत नाही. कारण उरलेले लोक म्हणतात, त्या पोरांना काय, त्यांना सगळेच जमते. मामांसारख्या माणसाने सहा आठवडे वापरून “चालतंय” एवढा एक शब्द उच्चारला, तर दहा प्रशिक्षणांचे काम तो शब्द करतो.

या काळात जुनी पद्धत चोरून चालू राहण्यापेक्षा उघडपणे चालू ठेवावी. मी रजिस्टर जप्त करण्याऐवजी दर शनिवारी टॅब आणि रजिस्टर शेजारी ठेवून तफावत शोधण्याचे काम मामांनाच दिले असते, तर दोन नगांची चूक पहिल्याच शनिवारी सापडली असती. सावध माणसाला चूक शोधण्याचे काम द्यावे. त्याची शंका मग तक्रार न राहता तपासणी होते आणि नव्या पद्धतीवर त्याचा हात फिरला की ती त्याची होते.

तीन गोष्टी लेखी द्याव्यात : समांतर काळ कधी संपेल याची तारीख, चुकीची जबाबदारी कुणाची आणि अडल्यास कुणाला फोन करायचा. तोंडी आश्वासन सुपरवायझरबरोबर बदलून जाते, हा अनुभव प्रत्येक कामगाराला असतो. वेतनातील कपात कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांसाठीच करता येते, हे आपल्याला ठाऊक असले तरी कामगाराला कागदावर दिसले पाहिजे. रात्रपाळीला फोन कोण उचलणार हे तर नावानिशी लिहावे, कारण आमच्याकडे पहिल्या पंधरा दिवसांतील बहुतेक अडचणी रात्री दोन ते पाचच्या दरम्यान आल्या आणि तेव्हा मदतीला कुणीच नव्हते.

पाचवी पायरी : मिळवणाऱ्यांना मोकळे सोडा, पण सैल सोडू नका

उत्साही माणसे आपोआप येतात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांना नव्या पद्धतीत सुधारणा सुचवायला जागा हवी आणि सुचवलेल्यापैकी एखादी गोष्ट महिन्याभरात झालेली दिसायला हवी. नाहीतर ती खट्टू होतात आणि त्यांचे लक्ष दुसरीकडे जाते. त्यांच्या दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे ती पडताळणीची पायरी गाळतात, म्हणून शक्य तेथे त्यांची जोडी सावध माणसाशी लावावी. दुसरी अशी की नवलाई संपली की त्यांचा उत्साह ओसरतो, म्हणून तिसऱ्या महिन्यात त्यांना शिकवण्याचे काम द्यावे.

जोडी लावताना वयाचा मान सांभाळावा. पंचवीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या ऑपरेटरला सर्वांसमोर “असं नाही काका, इकडं दाबा” म्हणणे म्हणजे काकांनी तो टॅब पुन्हा हातात न घेणे. शिकवणी जेवणाच्या सुट्टीत, बाजूला आणि दोघांतच व्हावी आणि बदल्यात काकांनी मुलाला साचा बसवण्यातली एखादी खुबी शिकवावी, असा व्यवहार ठेवला तर तो दोघांनाही मानवतो.

सहावी पायरी : बक्षीस आणि सक्ती जपून वापरा

बदल लवकर व्हावा म्हणून पहिल्या महिन्यात सर्वाधिक नोंदी करणाऱ्याला मिक्सर किंवा रोख रक्कम देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. आम्हीही दिली. परिणाम असा की एका नोंदीच्या तीन नोंदी होऊ लागल्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कोड्यांवर केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत : जे काम माणूस गोडीने करत होता, त्यासाठी पैसे देऊन नंतर ते पैसे बंद केले की त्या कामाची गोडी कमी झालेली आढळली. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडले की माणसाची प्रेरणा टिकण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात : आपल्या हातात काही निर्णय आहे, आपल्याला हे जमते आणि आपली माणसे आपल्याबरोबर आहेत, असे वाटणे. पैसा वाईट असे याचा अर्थ नाही. बदलामुळे काम वाढणार असेल तर त्याचा मोबदला द्यावाच, पण तो वाढलेल्या कामाचा हक्क म्हणून द्यावा. बदल स्वीकारल्याची लाच असे त्याचे रूप होऊ देऊ नये.

पहिल्या गरजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजमे शिवण्याच्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या पद्धतीत छोटासा बदल होणार होता. एका गटाला तो फक्त कळवण्यात आला, दुसऱ्या गटाच्या प्रतिनिधींना आखणीत घेतले गेले आणि आणखी दोन गटांत सगळ्याच कामगारांनी आखणीत भाग घेतला. फक्त कळवलेल्या गटाचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत त्यातील १७ टक्के माणसे काम सोडून गेली. सर्वांनी भाग घेतलेले गट लवकर सावरले, पूर्वीच्याही पुढे गेले आणि त्या काळात त्यांतून कुणी गेले नाही. यंत्रे तीच होती आणि माणसेही तशीच होती.

आता आपल्या हातात निर्णयच नसतो असे पुष्कळ शाखाधिकारी आणि कार्यालयप्रमुख म्हणतात आणि ते खरे आहे. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मे २०२५ मध्ये या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे पुन्हा विदर्भ कोकण ग्रामीण बँकेसह एकत्रीकरण झाले. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर शाखेतील लिपिकाचे मत निर्णायक असणे शक्य नव्हते. पण बदल करायचा की नाही हे वरून ठरले, तरी तो कसा आणि कोणत्या क्रमाने करायचा यातले बरेच खाली ठरवता येते. कोणत्या टेबलापासून सुरुवात करायची, प्रशिक्षण सकाळी घ्यायचे की ग्राहक गेल्यावर, जुनी कागदपत्रे कुठल्या कपाटात राहतील, पहिल्या आठवड्यात काउंटरवर कोण बसेल, हे सहकाऱ्यांना ठरवू द्यावे. जपणाऱ्या माणसाला तर याचा दुहेरी उपयोग होतो, कारण धोका कुठे आहे हे तो स्वतः पाहून घेतो.

सातवी पायरी : दिवस पाहून सुरुवात करा

पुण्या-मुंबईहून येणारे सल्लागार आर्थिक वर्ष पाहून तारीख ठरवतात. आपण पेरणी पाहावी. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, त्यानंतर कापसाची वेचणी, या काळात शेती असलेल्या माणसाचे अर्धे चित्त गावाकडे असते आणि रजाही वाढतात. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला कार्यालये ओस पडतात. सगळे गाव रानात भज्जी आणि आंबील घेऊन बसलेले असताना नव्या संगणक प्रणालीचे उद्घाटन ठेवणाऱ्या एका अधिकाऱ्यांना मी ओळखतो. जपण्याच्या कलाच्या माणसाला आधीच घरी एक धास्ती असेल तर कामावर दुसरी पेलवत नाही. फेब्रुवारीचा काळ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. मात्र बँका आणि पतसंस्थांनी मार्चअखेर ध्यानात घ्यावी.

आठवी पायरी : काय मोजायचे आणि रजिस्टर कधी बंद करायचे

किती लोक नवी पद्धत वापरतात, एवढेच मोजले तर आपली फसगत होते. मामा टॅब वापरत होतेच. दर आठवड्याला आणखी तीन गोष्टी पाहाव्यात : नव्या नोंदींत चुका किती निघाल्या, जुनी पद्धत कुठे कुठे आडून चालू आहे आणि प्रश्न किती विचारले गेले. तिसऱ्या आकड्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. पहिल्या दोन आठवड्यांत प्रश्न येत नसतील, तर सगळे सुरळीत आहे असे समजू नये. विचारण्याची भीती वाटत आहे असे समजून स्वतः जाऊन बसावे. मधल्या आठवड्यांत उत्पादन थोडे घसरणारच, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्या घसरणीला घाबरून तोच जुन्या पद्धतीवर परत जायला सांगतो. मालकाचाही कल असतो आणि बहुतेक लहान मालक घोषणा करताना मिळवणारे, पण तोटा दिसताच जपणारे असतात.

समांतर काळ संपताना तारीख आली म्हणून रजिस्टर उचलू नये. सलग दोन आठवडे टॅब आणि कागद यांत तफावत निघाली नाही, तरच ते बंद करावे; आणि तफावत शोधण्याचे काम ज्याला दिले होते, त्यानेच शेवटच्या पानावर “येथून पुढे नोंद टॅबवर” असे लिहून सही करावी. ते रजिस्टर लाइनजवळच्या कपाटात किमान वर्षभर सर्वांना दिसेल असे ठेवावे. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात ही सही मामांनी केली. त्याआधी त्यांनी आणखी एक आठवडा मागून घेतला, कारण एका साच्याची नोंद त्यांना अजून पटलेली नव्हती. तो आठवडा आम्ही दिला.